ताप उतरला म्हणालो

रविवार, २९ जानेवारी १९७८

आज गिरणीला सुट्टी. सकाळी देवापुढे बसलो होतो. नात सोजर शेजारी येऊन बसली आणि भंडाऱ्याच्या वाटीत बोट बुडवून आधी स्वतःच्या कपाळाला, मग माझ्या, मग भिंतीला हळद लावून मोकळी झाली. भिंतीला कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "तिला बी." यावर बिरोबालाही उत्तर सुचलं नसतं.

आमच्यात सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही. कस्तुरा लग्न होऊन आली तेव्हा मला काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची, नाहीतर माझ्या बायकोला, मायाक्काला. नात बोलायला लागल्यापासून सगळा कारभार नातीच्या हाती गेला आहे. आज चुलीपासून आवाज आला, "सोजरे, आज्जाला सांग, च्या गार हुतोय." सोजर माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज्जा, तू गार हुतोय."

मायाक्का पोट धरून हसली. "खरं बोललं गं माझं लेकरू! जन्माचा गारच हाय तुझा आज्जा."

आतून कस्तुराच्या बांगड्या वाजल्या. तीही हसत असावी.

गुंडा परवा येईल. एस.टी.त कंडक्टर झाल्यापासून पोरगा मुक्कामी गाडीवरच असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. घरात मी एकटाच पुरुष. त्यामुळे कुणी विचारो न विचारो, शब्द माझाच चालतो.

गुरुवार, २ फेब्रुवारी

काल शेजारच्या दगडाबाईने धाकट्या पोराला आणलं. आदल्या दिवसापासून ताप. मी कानाच्या मुळाशी हात लावला, मग पायाच्या घोट्याला. कान निवले होते, पायही कोमट. म्हणालो, उतरतोय, उद्या खेळेल. कपाळाला भंडारा लावला. आज पोरगं गल्लीत गोट्या खेळताना दिसलं.

ही विद्या बापाची. मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं बसवली की बाप अंधारात एकेकीच्या कानाला हात लावत फिरायचा. मेंढरू सांगत नाही, कान सांगतो, असं म्हणायचा. कान तापला तर ताप, निवला तर उतरला. ताप डोक्यात चढतो आणि पायांतून उतरून जमिनीत जातो. मी सातवीपर्यंत शिकलो, पण शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

दगडाबाई चाळभर सांगत सुटली, "ज्ञानबा मामांच्या हाताला गुन हाय." मला बरं वाटलं. असं बरं वाटून घेणं चांगलं नव्हे, तरी वाटलं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

सोजरला संध्याकाळपासून ताप. दोनदा उलटी झाली. परवा बाजारातली बोरं खाल्ली, त्यांचा दोष असेल. मायाक्काने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्टच, असं तिचं म्हणणं. मी भंडारा लावला.

शनिवार, ११ फेब्रुवारी

पहिली पाळी करून घरी आलो तर पोर निजलेली. डोकं तव्यासारखं. आज फार हट्टीपणा करते आहे. उचलून घेतलं की जास्तच किंचाळते, खाली ठेवलं की गप्प. एरवी कडेवरून उतरायची नाही. दारातल्या उजेडाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडते. मायाक्का म्हणाली, "रुसलीया." छातीवर ढेकूण चावल्यासारखे चार-दोन ठिपके दिसले. उद्या बाज उन्हात टाकायला हवी.

दुपारनंतर कस्तुरा तिच्या उशाशी बसून म्हणाली, "सोजरे, आज्जाला सांग, आपन दवाखान्यात जाऊ म्हनून."

सोजरने निरोप दिला नाही, ती ग्लानीत होती. पण मी ऐकलंच होतं. कानाला हात लावून पाहिला, गार. पाय पाहिले, तेही गार. तळवे तर अगदी रांजणासारखे. मी पोरीकडे बघूनच उत्तर दिलं, "आईला सांग, ताप उतरतोय. पायांतून चाललाय. उगा सुया टोचून घ्यायला नको."

थोड्या वेळाने कस्तुरा पुन्हा म्हणाली, "सोजरे, आज्जाला म्हनावं, डोकं अजून पेटलंय की."

मी म्हणालो, "डोक्यातनं शेवटी जातो."

देवाची कृपा. आता पोथी वाचायला बसतो.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

सरकारी दवाखान्याच्या ओसरीत बसून लिहितो आहे. गिरणीत गेलो नाही.

शनिवारी मी पोथीचं पान उलटत होतो आणि मायाक्का दिवा लावत होती. दिव्याच्या उजेडात कस्तुराने सोजरचं झबलं वर केलं. दुपारचे चार ठिपके आता पोटावर, मांड्यांवर पसरले होते, जांभळे, शाई सांडल्यासारखे. मायाक्का म्हणाली, "बाई आल्या गं! गोवर हाय. आता औषध न्हाय, लिंबाचा पाला आना." मी उठून लिंबाच्या पाल्यासाठी दाराशी गेलो. हे लिहून ठेवतो. मी पाला आणायला निघालो होतो.

कस्तुराने पोर पदरात घेतली आणि दाराशी आली. मी दारात उभा. ती थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती बोलली नाही. माझ्या दंडाला खांदा घासून बाहेर पडली, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. मी मागून धावलो. टांगा मी केला, एवढंच माझं काम.

डॉक्टर तरुण आहेत, पंचाक्षरी नावाचे, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी एका ठिपक्यावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. ठिपका तसाच राहिला. म्हणाले, "गोवर असता तर दाबल्यावर फिकट झाला असता. हे कातडीखाली सांडलेलं रक्त आहे." मग पोरीची मान उचलून पाहिली. मान वाकेना, सगळं अंगच फळीसारखं वर आलं. पोर किंचाळली. उचललं की का रडत होती ते तेव्हा कळलं.

पाठीतून सुईने पाणी काढलं. मला बाहेर घालवलं होतं, पण नंतर नळी दिसली. ते पाणी स्वच्छ असायला हवं म्हणे. ते तांदळाच्या धुवणासारखं होतं.

मेंदूच्या आवरणाला सूज. जंतू रक्तातही गेले आहेत. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू आहेत, पायाच्या शिरेतून सलाईन. लागण होऊ नये म्हणून आम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या. पोर डोळे उघडत नाही. आज तरी आहे. उद्याचं डॉक्टर बोलत नाहीत.

बुधवार, १५ फेब्रुवारी

डॉक्टर ओसरीत विडी ओढायला आले तेव्हा मी विचारलं. पाय गार झाले होते, मग ताप उतरला कसा नाही?

त्यांनी विडी विझवली. म्हणाले, "आजोबा, ताप म्हणजे रोग नाही. जंतू शिरले की शरीर स्वतः अंग तापवतं, लढायला. पण जंतू फार झाले की शरीराला सगळं राखता येत नाही. मग ते हातापायांचं रक्त काढून घेतं आणि काळजाला, मेंदूला देतं. डोकं गरम आणि पाय गार असतील तर ताप उतरलेला नसतो. शरीराने पाय सोडून दिलेले असतात."

बहात्तरच्या दुष्काळात गावाकडे आम्ही असंच केलं होतं. पाणी संपलं तशी म्हातारी मेंढरं सोडून दिली आणि होतं ते पाणी गाभण्या मेंढ्यांना पाजलं. सोडून दिलेली मेंढरं लांब उभी राहून आमच्याकडे बघायची. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तरीही गार पायांना हात लावून कृपा म्हणालो.

"त्या धुवणासारख्या पाण्यात काय होतं?" मी विचारलं.

"तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतूंना मारायला धावून आलेल्या. पू म्हणतो ना आपण, तोच."

"म्हणजे पोर लढतीय."

"लढतेय. पण उशीर झालाय," ते म्हणाले. "दुपारी आणलं असतं तर बरं झालं असतं. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का?"

मी म्हणालो, "न्हाय."

रविवार, १९ फेब्रुवारी

सोजरने डोळे उघडले. आईचं बोट धरलं. कस्तुराने ते बोट संध्याकाळपर्यंत हलवलं नाही, दुसऱ्या हाताने भाकरी खाल्ली.

गुंडा आला. माझे पाय धरून रडला. "आबा, तुमी हुता म्हनून पोर वाचली." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो. मायाक्का म्हणाली, "आरं, ह्यांनी आदल्या दिशीच भंडारा लावला हुता. देवानं तारलं." कस्तुरा खाटेच्या पलीकडे होती. तिने सगळं ऐकलं. पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

आज मी खोटं बोललो नाही. पण गप्प बसूनही खोटं बोलता येतं.

शनिवार, ४ मार्च

सोजर घरी आली. हाडांची मोळी झाली आहे. चालताना दारुड्यासारखी झोकांड्या खाते, चार पावलांवर बसते. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, भरून येईल. मायाक्काने पेढे वाटले.

दगडाबाईही आली. पेढा तोंडात टाकून म्हणाली, "मामा, धाकट्याचं अंग कडकडीत हाय सकाळधरनं. जरा कानाला हात लावा की."

मी म्हणालो, "दवाखान्यात ने."

"आवं, नुसता हात लावा. बघा तर."

"मला कळत न्हाय त्यातलं. दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पोराला कडेवर मारून निघाली. "व्हय, आता नात बरी झाली. आमच्या लेकरापुरताच आटला म्हनायचा गुन."

मी तिच्यामागे दवाखान्यापर्यंत गेलो. वाटभर ती चार पावलं पुढेच राहिली. साधा सर्दीचा ताप होता.

गुरुवार, ९ मार्च

सोजर माझ्यावर रुसली आहे.

पाठीमागून हाक मारली की बघत नाही. आज उंबऱ्यात बसली होती, मी "सोजर, सोजरे" करत जवळ गेलो, मान वळवली नाही. पुढे जाऊन बसलो तेव्हा मात्र हसली. मायाक्का म्हणते मी उगाच मनाला लावून घेतो, लेकरं अशीच. पण लेकराला कळतं. त्या शनिवारी ती ग्लानीत होती तरी कानावर सगळं पडत असेल. आई काय म्हणाली, आज्जा काय म्हणाला. समोर गेल्यावर हसते ती तिची दया.

हल्ली निरोप आणत नाही. कस्तुरा आतून सांगते, "सोजरे, आज्जाला जेवायला बोलीव," आणि सोजर खेळतच राहते. मग कस्तुरा ताट माझ्यापुढे ठेवून जाते.

गुरुवार, १६ मार्च

कस्तुराचा राग आता भांड्यांवर निघतो. आज सोजर पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. कस्तुरा तिच्या मागे उभी राहिली आणि पितळी परात जमिनीवर आपटली. मी दचकलो, माझ्या हातातून पोथी पडली. सोजर चिंचोके मांडत राहिली. कस्तुराने परात उचलून पुन्हा आपटली. मग तिसऱ्यांदा. मग परात मांडीवर घेऊन तिथेच बसली.

परात माझ्यासाठीच होती हे मला कळत होतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

शुक्रवार, २४ मार्च

होळी. गल्लीतल्या पोरांनी दारासमोरच हलग्या बडवल्या, डबे बडवले, बोंबा मारल्या. मायाक्काने कानात बोटं घातली. सोजर या सगळ्यात माझ्या मांडीवर झोपून गेली. एवढ्या कोलाहलात एवढी शांत झोप! डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, निदान झोपेत तरी तिने मला माफ केलं.

कस्तुरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. होळीकडे बघत नव्हती, पोरीकडे बघत होती. मग आत गेली आणि मायाक्काला म्हणाली, "आत्या, मला सोमवारी दवाखान्यात जायाचंय."

"बरी झाली की गं पोर!"

"मला जायाचंय," ती म्हणाली.

सोमवार, २७ मार्च

ती बहिरी झाली आहे.

डॉक्टर पंचाक्षरींनी तिच्या मागे घंटी वाजवली, डबा वाजवला, टाळी वाजवली. ती भिंतीवरचं चित्र बघत होती. दोन्ही कान गेले. कायमचे, असं त्यांना वाटतं, मिरजेला दाखवून खात्री करा म्हणाले. चालताना झोक जातो तेही कानामुळेच, तोल कानात असतो. तो हळूहळू सुधारेल. ऐकणं येणार नाही.

कस्तुराला होळीच्या आधीपासून माहीत होतं. परात माझ्यासाठी नव्हती.

रुसवा नव्हता. दयाही नव्हती. पोरीला माझी हाक ऐकूच येत नव्हती आणि मी त्यातही स्वतःलाच शोधत होतो. पापसुद्धा माणूस किती हौसेने अंगाला लावून घेतो.

मी विचारलं, जंतूंनी कान खाल्ले का? डॉक्टर म्हणाले, नुसत्या जंतूंनी नाही. लढाईत आतली सूज वाढते, त्या सुजेतच आतल्या कानाचा नाजूक भाग जळतो. वाचवणारं आणि नासवणारं एकच.

लहानपणी एकदा लांडगा आला तेव्हा आमची दोन्ही कुत्री त्याच्यावर तुटून पडली होती. लांडगा पळाला. सकाळी बघतो तर एक कोकरू कुत्र्यांच्याच पायांखाली येऊन मोडलं होतं. बाप कुत्र्यांना मारायला उठला नाही. त्याने त्यांना भाकरी घातली आणि मला विचारलं, "तू कवा हाळी दिलीस?" मी झोपलो होतो. हाळी उशिरा दिली होती.

शनिवार, १ एप्रिल

गुंडा आला. त्याला सांगितलं. आधी भिंतीला पाठ टेकून बसला. मग उठला आणि चुलीकडे तोंड करून ओरडला, "आई हाय का कोन हायस तू? पोर तापानं फणफणतीया आन् तू दिवसभर घरात बसून काय केलंस? वेळंवर न्यायला काय झालतं तुला?"

कस्तुरा भाकरी थापत होती. थापतच राहिली.

मायाक्का म्हणाली, "जाऊ दे रं, नशिबाचं..."

मी म्हणालो, "गुंडा, हिकडं बघ. ती दुपारीच न्यायाची म्हनत हुती. दोनदा म्हनाली. मी थांबवलं. ताप उतरला म्हनालो."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कस्तुराने ती उलटली नाही.

गुंडा म्हणाला, "आनि मी तुमचं पाय धरलं हुतं, आबा."

तो न जेवता ड्युटीवर गेला. बरोबर केलं.

सोमवार, १० एप्रिल

मिरजेहून आलो. तेच सांगितलं. मोठी झाल्यावर कानाला यंत्र लावून पाहता येईल, फार आशा धरू नका.

सोजरचे शब्द कमी होत आहेत. "पानी" चं "पाई" झालं आहे. "तू गार हुतोय" म्हणणारी पोर आता बोट दाखवते. ज्या विहिरीत पाणी पडत नाही ती किती दिवस पुरणार.

शुक्रवार, १४ एप्रिल

मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेलो. मी, मायाक्का, कस्तुरा, सोजर. हत्तुरे बाई म्हणून शिक्षिका आहेत, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. सोजरला समोर बसवून, तिचे गाल दोन्ही हातांत धरून बोलल्या. सोजर टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

म्हणाल्या, "शाळेला अजून लहान आहे. तोवर घर हीच शाळा. जन्मतः बहिऱ्या मुलापेक्षा ही नशीबवान. हिने शब्द ऐकलेले आहेत. ते टिकवायचे असतील तर दिवसभर बोला. समोर बसून, तोंडावर उजेड घेऊन. तिला ओठ दिसले पाहिजेत. ती ओठ वाचेल. नुसत्या खुणा केल्यात तर बोलणं विसरेल."

मायाक्का म्हणाली, "मी बोलंन की. मला कोन गप करतंय?"

बाई हसल्या. मग कस्तुराला म्हणाल्या, "आणि तू? तू फार हळू, खाली मान घालून बोलतेस. मान वर कर."

कस्तुराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वर केली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आजोबा, घरी जास्त वेळ पोरीपाशी कोण असतं?"

"पाळी सुटल्यावर मीच."

"मग तुमच्या मिशांचं काहीतरी करा. या झुडपातून तिला काय दिसणार?"

मायाक्का ओठांवर पदर धरून खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. आमच्यात मिशा आईबाप गेल्यावरच उतरवतात. माझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा उतरवल्या होत्या. बापासाठी त्याच्याही आधी. आता उतरवायला माझं कुणी उरलं नाही.

रविवार, १६ एप्रिल

सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. मागण्याचा हक्क मागे ठेवून उठलो आणि रामहरी न्हाव्याकडे गेलो.

रामहरीने दाढीचा साबण लावला आणि विचारलं, "मिशा कातरू?"

"उतरव."

त्याचा हात थांबला. दुकानातले दोघे वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागले. "कोन गेलं, मामा?"

"कुनी न्हाय."

"असं कसं? बिनकारणाच्या मिशा मी उतरवत न्हाई. अपशकुन असतो. आधी सांगा कोन गेलं."

"नातीला ऐकू येत न्हाय. ओठ दिसाय पायजेत तिला."

रामहरी आरशात माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वस्तरा पट्ट्यावर नीट घासला आणि कामाला लागला. साबण पुसताना म्हणाला, "वरचा ओठ लई बारीक हाय तुमचा. कवा कळलंच न्हाई."

घरी येताना चाळीतल्या बायका दारांत उभ्या राहिल्या. दगडाबाईने मायाक्काला हाक मारली. मायाक्का बाहेर आली आणि मला बघून तिने छातीवर हात मारला. "आवं, हे काय करून आलासा! मी जित्ती हाय की अजून!"

"तुझ्यासाठी न्हाय."

"मग लोकांस्नी काय सांगू?"

"खरं हाय ते सांग."

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. बहुधा आजच तिला पुरतं कळलं.

मी आत गेलो. सोजर कस्तुराजवळ बसली होती. तिने मला बघितलं, ओळखलं नाही. परका माणूस घरात आला म्हणून उठली, झोकांडी खाल्ली आणि आईच्या पदरामागे लपली. एक डोळा बाहेर. मी हात पुढे केला तर रडायला लागली. हातसुद्धा परका वाटला तिला.

कस्तुरा सवयीने म्हणाली, "सोजरे, आज्जा हाय गं तुजा..." आणि थांबली. पोरीच्या पाठीला सांगून आता काय होणार होतं. तिने पदर डोक्यावरून मागे सारला. मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मामा," ती म्हणाली. तिचा आवाज मी तिसऱ्या माणसाशिवाय आज पहिल्यांदा ऐकला. जाड आहे, थोडा घोगरा. "असं उभं राहून न्हाय कळायचं तिला. खाली बसा. दाराकडं तोंड करा, उजेड घ्या. आन् हात लावू नगा आता. आदी बोला."

मी तिने सांगितलं तसा बसलो.